ऑर्डरीचं काम

दोन शवपेट्या, त्यांत दोन माणसं, आणि पेट्यांशी उभे तीन प्रतिष्ठित गृहस्थ. एकाच्या अंगावर विद्यापीठाचा झगा आणि डोक्यावर चौकोनी टोपी. हातात लिलीची पांढरी फुलं. मागे कोर्टाच्या पायऱ्या आणि खांब, आणि तिथल्या खिडकीत न्यायाधीशाची उजवा हात वर केलेली तसबीर. दुःख कोणाच्याच तोंडावर नाही. एखाद्या संचालक मंडळाच्या फोटोसाठी उभे राहावेत तसे हे तिघे मयताला आले आहेत.

अमेरिकी चित्रकार बेन शानचं हे चित्र १९३१-३२ सालचं. आज ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. पेटीतली माणसं म्हणजे निकोला सॅको आणि बार्तोलोमेओ व्हॅन्झेटी. दोघे इटलीहून अमेरिकेत आलेले, एक चांभारकाम करणारा, दुसरा मासे विकणारा, आणि दोघे राजकीय मतांनी अराजकवादी. १९२० मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये एक दरोडा पडला, दोन खून झाले आणि आळ यांच्यावर आला. खटल्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल जगभर आरडाओरड झाली, तेव्हा गव्हर्नरने तिघांची समिती नेमली. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल, एमआयटीचे अध्यक्ष स्ट्रॅटन आणि रॉबर्ट ग्रँट नावाचे निवृत्त न्यायाधीश. समितीने खटला रीतसर झाल्याचा निर्वाळा दिला. २३ ऑगस्ट १९२७ ला दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं. शानने शवपेट्यांशी उभे केलेले तिघे ते हेच.

या विषयावर त्याने २३ लहान चित्रं केली, बरीचशी वर्तमानपत्रांतल्या फोटोंवरून. त्याच्या आधी तो युरोपात जाऊन आला होता, मातीस आणि रुओ या फ्रेंच चित्रकारांसारखं रंगवून पाहत होता. मग एक दिवस त्याने स्वतःला विचारलं की आपण बत्तीस वर्षांचे झालो, सुताराचे पोर, आपल्याला गोष्टी आवडतात आणि माणसं आवडतात, तर ही फ्रेंच शैली आपल्या कशी कामाची? एप्रिल १९३२ मध्ये डाउनटाउन गॅलरीत ती चित्रं लागली आणि शानचं नाव झालं. वेळ अशी की देशभर बँका बुडत होत्या. पुढच्या वर्षी अमेरिकेतला दर चौथा कामकरी बेकार होता.

मी त्याच्याकडे चित्रकार म्हणून वळलो नाही. मी ‘कमर्शियल’वाला. आमच्या काळी चित्रकला शिकणाऱ्यांत दोन जाती होत्या, फाइन आणि कमर्शियल, आणि कोण वरचा हे सांगावं लागत नसे. फाइनवाले कॅनव्हासपुढे उभे राहून विचार करत. आम्ही मुखपृष्ठं, पत्रकं, कॅलेंडरं, शेंगदाणा तेलाच्या डब्यांची लेबलं करत असू. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं दिवाळीत घरोघर पोचली, पण चित्रकलेच्या चर्चेत त्यांचं नाव निघालं की एक ‘पण’ हमखास यायचा. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितलेलं, मोजून दिलेलं, तारखेला द्यायचं काम म्हणजे हमाली, आणि आपलं आपण केलेलं ते खरं, ही वाटणी मीही बरीच वर्षं मुकाट्याने मान्य केली होती. शान वाचायला आणि पाहायला लागल्यावर ती वाटणी मला पटेनाशी झाली, कारण या माणसाने आयुष्यभर ऑर्डरी घेतल्या. सरकारच्या, कामगार संघटनांच्या, मासिकांच्या. आणि त्याची सर्वांत खासगी चित्रं त्या ऑर्डरींच्या पोटातूनच निघाली.

त्याचा जन्म १८९८ चा, रशियन साम्राज्यातल्या लिथुएनियातल्या कोव्हनो गावचा. ज्यू कुटुंब. बाप लाकडावर कोरीव काम करायचा. झारविरोधी कारवायांच्या संशयावरून त्याला सैबेरियाला धाडलं. तो तिथून निसटला, दक्षिण आफ्रिकामार्गे अमेरिकेला पोचला, आणि १९०६ मध्ये बायकामुलं ब्रुकलिनमध्ये त्याला येऊन मिळाली. बेन पोरवयातच शिळाप्रेसमध्ये उमेदवारीला लागला. आपल्याकडेही जुन्या पोथ्या शिळाप्रेसवर छापल्या जात, त्यामुळे ते तंत्र आपल्याला अनोळखी नाही. दगड घासून गुळगुळीत करायचा, तेलकट शाईने त्यावर अक्षर काढायचं, आणि काढायचं ते उलटं. दगडावर रेघ चुकली तर खोडरबर नाही. शानची रेषा पुढे काटेरी तारेसारखी टोचरी आणि ठाम झाली, तिचं मूळ मला त्या दगडातच दिसतं.

दोन अक्षरांमध्ये जागा किती सोडावी हे त्या छापखान्यातल्या फोरमनने त्याला कसं शिकवलं, ते शानने लिहून ठेवलंय. मोजपट्टीचा उपयोग नाही, कारण ‘ए’ आणि ‘एल’च्या बाजूंचा आकार वेगळा. फोरमन म्हणाला, तुझ्याकडे पाण्याचं एक छोटं माप आहे असं समज. प्रत्येक दोन अक्षरांच्या मधल्या खळग्यात तेवढंच पाणी ओत. मला हे वाचून हेवा वाटला. आम्हाला हीच गोष्ट शिकवताना सर ‘डोळ्याने बघ’ एवढंच म्हणायचे आणि मग आम्ही जे बघितलं त्यावर लाल पेन फिरवायचे.

सॅको-व्हॅन्झेटीची चित्रं मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेरा या भित्तिचित्रकाराने पाहिली आणि १९३३ मध्ये शानला रॉकफेलर सेंटरच्या भिंतीवर मदतनीस म्हणून घेतलं. ओल्या गिलाव्यावर रंगवायचं तंत्र तो तिथे शिकला. पुढची कथा सर्वांना माहीत आहे. रिव्हेराने भिंतीवर लेनिनचा चेहरा काढला, रॉकफेलरांनी तो बदलायला सांगितला, रिव्हेराने नकार दिला, काम थांबलं आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये चित्र फोडून टाकलं गेलं. ऑर्डर देणाऱ्याची भिंत ती ऑर्डर देणाऱ्याचीच, हा धडा शानला फुकटात मिळाला. लगेच दुसराही मिळाला. न्यूयॉर्कमधल्या रायकर्स आयलंडच्या नव्या तुरुंगासाठी त्याने आणि लू ब्लॉकने भित्तिचित्रांचे आराखडे केले. तुरुंगांत जाऊन फोटो काढले, एका बाजूला जुन्या शिक्षांचं क्रौर्य आणि दुसऱ्या बाजूला सुधारणा अशी मांडणी केली. शहराच्या कला आयोगाने ते नाकारलं. ते कैद्यांना दाखवूनही पाहिलं होतं आणि त्यांना पसंत होतं. अर्थात कैद्यांना आयोगावर कोण घेतो!

फोटोचा नाद त्याला वॉकर एव्हान्स या छायाचित्रकारामुळे लागला. दोघे ग्रीनिच व्हिलेजमध्ये एकाच जागेत राहत होते. शानच्या भावाने त्याला लायका कॅमेरा घेऊन दिला आणि एव्हान्सने शिकवायचं कबूल केलं, पण शिकवायला वेळ कुणाला? शान स्वतः हा किस्सा सांगायचा. एव्हान्स प्रवासाला निघालेला, टॅक्सीत चढता चढता ओरडून म्हणाला, भिंगाचं छिद्र उन्हाच्या बाजूला एफ नऊ, सावलीच्या बाजूला एफ साडेचार, एक विसांश सेकंद, आणि हात हलू देऊ नकोस. झाला अभ्यासक्रम. बाकी शानने रस्त्यावर शिकून घेतलं. त्याने कॅमेऱ्याला काटकोनातून बघायचं भिंग बसवलं होतं. त्याचं तोंड एकीकडे आणि फोटो दुसरीकडचा. माणसं त्यामुळे सावध होत नसत. यात थोडी लबाडी आहे, आणि तिच्याबद्दल मला आजही पूर्ण समाधान वाटत नाही. पण त्या फोटोंत कोणी पोझ देत नाही, हेही खरं. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या एका फोटोवरून त्याने १९३९ मध्ये ‘हँडबॉल’ हे चित्र केलं. उंच भिंत, तिच्यापुढे पाठमोरी पोरं, चेंडू कुठे आहे ते शोधावं लागतं.

१९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने कर्जात आणि दुष्काळात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी एक खातं उघडलं. शान तिथे खरं तर पोस्टर आणि भित्तिचित्रांच्या कामावर होता. आपण कोणासाठी रंगवणार आहोत ते आधी बघून यावं म्हणून तो फोर्ड गाडी घेऊन दक्षिणेकडे निघाला, सोबत बर्नार्डा ब्रायसन. ती स्वतः चित्रकार, पुढे त्याची पत्नी. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणी, अर्कान्सासची कापूसवेचणी, ओझार्कच्या डोंगरातली मोडकी घरं, लुइझियाना. याच खात्यात रॉय स्ट्रायकर हा फोटोविभागाचा प्रमुख होता, डोरोथिया लँग आणि एव्हान्स त्याच्या हाताखाली. स्ट्रायकरने एकदा जमिनीची धूप दाखवणारा फोटो कौतुकाने पुढे केला. शान त्याला म्हणाला, वाहून गेलेल्या मातीने कोणाचं मन हलायचं नाही. त्या मातीपायी उपाशी राहिलेलं पोर दाखव, मग बघ.

मला वाटतं, त्याचं सगळं सौंदर्यशास्त्र या एका भांडणात आहे. आकडेवारी खरी असते, पण तिला चेहरा नसतो. शान वर्षा-दोन वर्षांत काही हजार फोटो काढून आला, आणि त्यातल्या माणसांनी त्याची आधीची पोथीनिष्ठ मतं पार विरघळवून टाकली, असं त्याने पुढे लिहिलं. शोषित म्हणजे असा, मजूर म्हणजे तसा, हे शहरात बसून ठरवलेलं असतं. तिथे गेलं की कोणी धर्मवेडा, कोणी गमत्या, कोणी आपल्या हालांबद्दल चक्क बेफिकीर. टेनेसीत हंटिंग्डनला औषधविक्याचा खेळ चाललाय आणि भोवती गर्दी जमलीय, असे त्याचे फोटो आहेत. गरिबीची मोहीम घेऊन निघालेल्या माणसाने असल्या तमाशासाठी फिल्म खर्ची घालू नये. त्याने घातली. कापूस वेचणाऱ्यांचे चेहरे मी बघतो, पण परत परत वळतो ते या गर्दीकडे. मंदीतही माणसं खेळ बघायला थांबायची, हे मला बाकी कुठल्या अहवालातून कळलं नसतं. हे सगळे फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, सरकारी पैशाने काढलेले म्हणून सर्वांचे, आणि घरबसल्या मोठे करून पाहता येतात. मी कित्येकदा पाटीवरची अक्षरं वाचायला म्हणून एखादा उघडतो आणि पाटीखाली बसलेल्या माणसातच अडकून पडतो.

पाट्यांचं खास सांगायला हवं. गावोगावच्या दुकानांवर, चर्चवर, मोटारीच्या पंक्चरवाल्यांकडे लोकांनी हाताने रंगवलेली अक्षरं शानने गोळा केली. शिळाप्रेसमध्ये त्याला नेमक्या वळणाचं शिक्षण मिळालं होतं; या पाट्या ते सगळे नियम मोडत होत्या. जाड रेघ असायला हवी तिथे बारीक, बारीक हवी तिथे जाड. आधी शिकलेला माणूस हसला असता. शानने त्यातूनच स्वतःची एक लोकलिपी घडवली आणि पुढे ती पोस्टरांवर, पुस्तकांवर, चित्रांतसुद्धा वापरली. लहानपणी प्रार्थनापुस्तकातली हिब्रू अक्षरं गिरवणारा मुलगा आणि अर्कान्सासचा अनाम पेंटर, दोघांचे हात त्या अक्षरांत आहेत.

न्यू जर्सीत शिवणकाम करणाऱ्या ज्यू कामगारांसाठी सरकारने जर्सी होमस्टेड्स नावाची एक सहकारी वसाहत उभी केली होती. शेती, कपड्यांचा कारखाना, दुकान, सगळं सामाईक. १९३७-३८ मध्ये शानने तिथल्या शाळेत सुमारे ४५ फूट लांबीचं भित्तिचित्र केलं. डावीकडून निर्वासितांचा लोंढा उतरतो, पुढच्या रांगेत आइनस्टाइन. मागे सॅको-व्हॅन्झेटीच्या शवपेट्या. मग घुसमटलेल्या खोल्यांत शिवणारे कामगार, संघटनेचा वक्ता, आणि शेवटी टेबलावर पसरलेला नव्या गावाचा नकाशा. रंगवताना शानच्या मनात स्वतःची आई आणि बोटीचे दिवस असणार, हे सांगायला टीकाकार कशाला हवा. गंमत अशी की वसाहतीचा सहकारी कारखाना चालला नाही, बुडाला. पण शान चित्र संपवून परतला नाही. १९३९ पासून तिथेच राहिला, मरेपर्यंत. १९४५ मध्ये गावाने रूझवेल्टचं नाव घेतलं.

ब्राँक्सच्या मुख्य टपाल कचेरीत त्याने आणि बर्नार्डाने मिळून १३ फलक केले. कापूस, गहू, सूतगिरणी, धातूवर छिद्रं पाडणारा कामगार, आणि एका फलकावर म्हातारा वॉल्ट व्हिटमन फळ्यापुढे कामकऱ्यांना कविता समजावतोय. फळ्यावरच्या ओळी जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या एका प्राध्यापकाला धर्मविरोधी वाटल्या. ओरड झाली, आणि शानने व्हिटमनच्याच दुसऱ्या ओळी लिहिल्या. इथे तो रिव्हेरासारखा वागला नाही. त्याने तडजोड केली आणि भिंत वाचवली. हे कुणाला भेकडपणा वाटेल. पार्टीने ‘तेवढा मजकूर बदला’ म्हटल्यावर चित्र वाचवण्यासाठी मजकूर बदललेला कोणीही मात्र त्याला नावं ठेवणार नाही.

युद्ध आलं तेव्हा सरकारच्या प्रचारखात्यासाठी त्याने पोस्टरं केली. जून १९४२ मध्ये नाझींनी चेकोस्लोव्हाकियातलं लिडिचे गाव पुसून टाकलं आणि रेडिओवरून तशी घोषणाही केली. शानच्या पोस्टरवर विटांची भिंत, तिच्यापुढे डोक्यावर बुरखा घातलेला माणूस, हातांत साखळी, आणि घोषणेतले शब्द टेलिग्रामच्या पट्टीसारखे खाली चिकटवलेले. चेहरा नाहीच. सगळं बोलतात त्या वळलेल्या मुठी. एवढं दणकट काम करूनही खात्याने त्याची बहुतेक पोस्टरं छापलीच नाहीत. सरकारला हसरे, गोंडस सैनिक हवे होते. वेल्डिंगचे चष्मे लावलेले दोन कामगार, एक गोरा, एक काळा, शेजारी शेजारी, असं त्याचं एक चित्र होतं. सरकारकडे ते रुळलं नाही. मग सीआयओ या कामगार महासंघाच्या राजकीय समितीने १९४४ मध्ये तेच चित्र घेऊन ‘युद्धानंतर सर्वांना काम, नाव नोंदवा, मत द्या’ असं निवडणुकीचं पोस्टर काढलं. एका ठिकाणी नाकारलेला माल दुसऱ्या पार्टीला द्यायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे; फक्त आम्ही तिच्यातून कधी इतिहास घडवला नाही.

आता त्या चित्राकडे येतो ज्यामुळे माझी ती फाइन-कमर्शियलची वाटणी कायमची मोडली. शिकागोत १९४७ मध्ये एका भाड्याच्या घराला आग लागली. मिसिसिपीहून आलेल्या जेम्स हिकमन या काळ्या कामगाराची चार मुलं जळून मेली. घरमालकाने आग लावायची धमकी दिली होती, असं हिकमन म्हणत होता. काही महिन्यांनी त्याने घरमालकाला गोळी घातली. १९४८ मध्ये हार्पर्स मासिकाने यावरचा लेख छापायला घेतला आणि चित्रांसाठी शानला ऑर्डर दिली.

या ऑर्डरीतून काय काय झालं, ते शानने पुढे हार्वर्डच्या व्याख्यानांत टप्प्याटप्प्याने सांगितलंय. आधी त्याने बातमीची सगळी सामग्री वाचली. मग प्रतीकं काढून पाहिली, ज्वाळा, हात, रडणारी तोंडं, आणि ती टाकून दिली, कारण हिकमनचं दुःख हे त्याचं स्वतःचं होतं, ‘दुःख’ या कल्पनेचं नव्हतं. मासिकासाठी त्याने साधी रेखाटनं केली. घर, खाट, मुलं. काम पोचवलं, पैसे घेतले. पण आग डोक्यातून जाईना. त्याच्या लहानपणी दोन आगी होऊन गेल्या होत्या. एक आजोबांच्या गावची, तिच्यातला रंग आणि पळापळ पोराला थरारक वाटलेली. दुसरी स्वतःच्या घराची, जिच्यात बाप पोरांना वाचवायला चढून गेला होता, आणि तिचे व्रण घरच्यांवर कायमचे राहिले. या सगळ्यातून त्याच वर्षी ‘अ‍ॅलेगरी’ हे चित्र झालं. लाल, सिंहासारखा, डोक्याभोवती ज्वाळांची आयाळ असलेला एक राक्षसी पशू, आणि त्याच्या पायांखाली एकमेकांवर पडलेली लहान मुलं.

चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा एका नामवंत समीक्षकाला तो लाल पशू म्हणजे मॉस्को वाटला, आणि या चित्रकाराला देशाबाहेर घालवावं अशी शिफारस त्याने लिहून टाकली. लहान मुलं जळाली त्या आगीचा रंग लालच असणार, हे त्याच्या लक्षात आलं नाही. शानने मात्र त्या चिडीतून बसून लिहून काढलं, की हे चित्र कुठून आलं. मला ते वाचताना सारखं वाटत होतं की शिळाप्रेसचा उमेदवार, रस्त्यावरचा फोटोवाला, पोस्टरवाला, सगळे त्या एका चित्रापाशी येऊन उभे आहेत. मासिकाची ऑर्डर नसती तर हे चित्र नसतं, आणि ऑर्डर संपली तिथे थांबला असता तरीही नसतं.

पुढे हेच पुन्हा घडलं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँब फोडला, आणि जपानच्या ‘लकी ड्रॅगन’ या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. बोटीचा रेडिओचालक आइकिची कुबोयामा त्याच सप्टेंबरात वारला. हार्पर्समधल्या लेखमालेला शानने रेखाटनं दिली आणि मग १९६० नंतर पुन्हा त्याच विषयावर मोठी चित्रं करत बसला, बाप, मुलगी, रुग्णालयातली खाट, आणि वर आकाशात घिरट्या घालणारा ड्रॅगन. खरं सांगायचं तर यातली काही मला जड वाटतात. ड्रॅगन फार झालाय. शेवटच्या वर्षांत प्रतीकं आणि सोनेरी अक्षरं त्याच्या हाताला जरा जास्तच चिकटली. पण १९६५ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी त्याने मार्टिन ल्यूथर किंगचा बोलता चेहरा काढला, ती रेषा पुन्हा दगडावरचीच. त्याच सुमाराला त्याने गांधीजीही काढले.

दरम्यान कलेची हवा बदलली होती. १९५४ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाला अमेरिकेने शान आणि अमूर्त शैलीचा चित्रकार विलेम द कूनिंग यांना एकत्र पाठवलं, आणि पुढची वर्षं द कूनिंगची ठरली. गोष्ट सांगणारं चित्र म्हणजे मागासलेपण असं मानायची पद्धत पडली. शानने हार्वर्डमध्ये तरुण चित्रकारांना काय सांगितलं? जमलं तर विद्यापीठात जा, पण त्याआधी बटाट्याच्या शेतात काम करा, मोटारीच्या गॅरेजमध्ये काम करा, आणि काम करता करता बघत राहा. फाइनच्या वर्गात हे ऐकवलं असतं तर आमचे सर काय म्हणाले असते, याची कल्पना करून मी बरेचदा एकटाच हसतो.

शान मार्च १९६९ मध्ये गेला. बर्नार्डा त्याच्यामागे पस्तीस वर्षं होती, शंभरी ओलांडून २००४ मध्ये वारली. ब्राँक्सच्या फलकांवर तिचा हात किती, याची चौकशी लोकांनी फार उशिरा सुरू केली. ती टपाल कचेरी २०१४ मध्ये खासगी मालकाला विकली गेली. सुदैवाने त्याआधी शहराने तिचा आतला दर्शनी भाग संरक्षित ठरवला होता. वॉशिंग्टनची इमारत अजून टांगणीवर आहे. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयासाठी बांधलेल्या त्या इमारतीत शानने १९४०-४२ मध्ये एका भिंतीवर बालमजूर, बेकार आणि कुबड्या घेतलेली मुलं रंगवली, समोरच्या भिंतीवर काम मिळालेली, घर बांधणारी, बास्केटबॉल खेळणारी माणसं. म्हातारपणी पेन्शन आणि बेकारीत भत्ता कशासाठी, याचं इतकं सरळ उत्तर मी दुसऱ्या कुठल्या सरकारी भिंतीवर पाहिलेलं नाही. नंतर व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी रेडिओचं कार्यालय तिथेच होतं. अमेरिकी संसदेने आता ती इमारत विकायचा कायदा केला आहे. चित्रं थेट भिंतीवर रंगवलेली, म्हणजे तिच्यापासून सुटी करून नेणं महाकठीण. घेणारा बिल्डर असेल आणि पाडापाडी करायची म्हणाला तर काय, यावर तिथले कलाप्रेमी सध्या भांडत आहेत, आणि मी इथून त्यांच्या बाजूने आहे.